आकडीच्या गोळ्या आणि हाडे
फेनिटॉइन हे अपस्मारावरचे औषध १९३८पासून वापरात आहे. आकडी ते मेंदूत रोखते, पण यकृतालाही कामाला लावते. तिथली विकरे वाढतात आणि ‘ड’ जीवनसत्त्व भराभर मोडून टाकतात. (भारतात एवढे ऊन असूनही त्याची कमतरता मुळातच सर्रास.) मग आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि रक्तातली तूट भरायला परावटू ग्रंथींचे संप्रेरक ते हाडांतून उपसते. फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन यांचेही तेच. व्हॅल्प्रोएट ही विकरे वाढवत नाही, तरी हाडे विरळ करू शकते. वर्षानुवर्षे असे चालले, की आकडीत पडल्यावर खुबा किंवा मनगट मोडण्याची भीती वाढते. गोळी परस्पर बंद करणे मात्र त्याहून घातक. रक्तातले ‘ड’ आणि डेक्सा तपासणीतली हाडांची घनता पाहून डॉक्टर पूरक मात्रा ठरवतात. कधी औषधच बदलतात.