आपल्या गावातले शिकारी पक्षी



शिकारी पक्षी म्हटले की डोंगरकडे आणि घनदाट जंगल डोळ्यांसमोर येते. पण बिदर, भालकी, बसवकल्याण किंवा कलबुर्गीत दुपारी मान वर करून पाहा. आकाशात घारी घिरट्या घालत असतात. आपण मराठीत 'घार' म्हणतो, शेजारच्या कन्नड घरात तिला 'हद्दु' म्हणतात आणि बाजारात दखनी बोलणारे 'चील' म्हणतात. हे पक्षी वाट चुकून गावात आलेले नाहीत. आपण जे टाकतो, साठवतो आणि बांधतो, त्याच्या आधाराने ते राहतात. म्हणूनच आपल्या एखाद्या सवयीमुळे त्यांचा जीवही जातो. ते कसे, हे या लेखात पाहू.

घार : दुभंगलेल्या शेपटीवरून ही लगेच ओळखू येते. उन्हाने जमीन तापली की तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते. घार त्या हवेवर पंख पसरते आणि न फडफडता उंच जाते. मटणाच्या दुकानामागचे टाकाऊ मांस, मेलेले उंदीर, उकिरड्यावरचे उष्टे हे तिचे अन्न. घरटे काटक्यांचे, पण त्यात आपल्याच चिंध्या आणि कागद असतात.

शिक्रा : हा साधारण कबुतराएवढा असतो. छातीवर तांबूस आडव्या रेषा असतात. चिंचेच्या किंवा कडुलिंबाच्या पानांत तो दबा धरून बसतो आणि सरडे, उंदीर, लहान पक्षी पकडतो. चिमण्या-साळुंक्यांनी अचानक कलकलाट केला, तर जवळपास शिक्रा असण्याचा संभव असतो.

गव्हाणी घुबड : पांढऱ्या, बदामी आकाराच्या चेहऱ्याचे हे घुबड जुन्या, उंच इमारतींच्या कोनाड्यांत राहते. बिदरचा किल्ला, १४७२ साली बांधलेला महमूद गवानचा मदरसा, कलबुर्गीचे हफ्त गुंबद ही नावे घेतली तरी पुरे; आपल्या भागात अशा कोनाड्यांना तोटा नाही. या घुबडाचा एक कान किंचित वर आणि दुसरा किंचित खाली असतो. त्यामुळे आवाज नेमका कोठून आला हे त्याला कळते आणि मिट्ट काळोखातही उंदीर सापडतो. घुबड ओरडले की अपशकुन झाला असे काही घरांत मानतात आणि त्याला दगड मारतात. कलबुर्गी जिल्हा तुरीचे कोठार म्हणून ओळखला जातो. त्या कोठारातले उंदीर खाणारा पक्षी अशुभ कसा?

पण आपल्या हातून यांचे नुकसान होते. गिधाडांचेच उदाहरण घेऊ. तीही आपण टाकलेल्या मेलेल्या जनावरांवर जगत. १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडांच्या तीन जाती ९५ टक्क्यांहून अधिक घटल्या. आजारी जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्याला कारण असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले. औषध दिलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही आली. गिधाडे कमी झाल्यावर मेलेल्या जनावरांवर भटकी कुत्री पोसली गेली. कुत्री वाढली की पिसाळलेल्या कुत्र्यांचा धोका माणसांनाच वाढतो.

उंदराच्या विषाचेही तसेच आहे. रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्त होऊन फिरतो आणि घुबडाला सहज सापडतो. ते विष मग घुबडाच्या पोटात जाते. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरीही तो झाडांवर आणि तारांवर लटकताना दिसतो. त्यात अडकलेल्या घारीचा पंख हाडापर्यंत कापला जातो.

तेव्हा आपण एवढे करू या. पतंगाला साधा सुती दोरा वापरू आणि तुटलेला मांजा गोळा करून टाकू. घरी उंदरांसाठी विषाऐवजी पिंजरा लावायला सांगू. जनावराला वेदनाशामक द्यायचे असेल, तर पशुवैद्यांकडून गिधाडांना निर्धोक असलेले मेलॉक्सिकॅम मागून घेऊ. जखमी पक्षी दिसला तर स्वतः पकडू नये, त्याची नखे आणि चोच तीक्ष्ण असतात. मोठ्या माणसांनी त्याच्यावर कापड टाकून त्याला हवेची भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावे, चोचीत पाणी ओतू नये आणि वनखात्याला कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांना संरक्षण दिले आहे. त्यांना मारणे किंवा पाळणे गुन्हा आहे.

आपल्या वाड्यात, शेतात किंवा शाळेच्या परिसरात कोणता शिकारी पक्षी दिसला, तो काय करत होता, त्याला आजी-आजोबा मराठीत आणि शेजारी कन्नडमध्ये काय म्हणतात, हे तारखेसह वहीत लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. निवडक नोंदी आम्ही पुढील अंकात छापू.