हळदीची पट्टी आणि गाडीचा हप्ता

मार्च उजाडला की हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात आणि वसमतच्या बाजारात हळदीची थप्पी लागते. शिजवलेली, वाळवलेली, पॉलिश केलेली हळद बीटात उभी राहते, आडत्याकडून पट्टी हातात पडते, आणि त्याच आठवड्यात घरात विषय निघतो: यंदा गाडी घ्यायची का? दवाखान्यासाठी नांदेड गाठायचं असतं, पोरीला परभणीच्या कॉलेजात सोडायचं असतं, लग्नसराई तोंडावर असते. गरज खोटी नाही. पण ‘रोख घ्यावी की हप्त्यानं?’ हा प्रश्न आपल्याकडे पगारदारांच्या हिशोबानं सोडवला जातो, आणि तिथंच घोळ होतो. पगार महिन्याला येतो. सोयाबीन दिवाळीच्या आसपास येतं, हळद उन्हाळ्यात. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला दारात उभा.

आधी रोखीचं पाहू, कारण आपल्या जिल्ह्यात रोखीला फार मान आहे. ‘कुणाचं देणं नको’ ही भावना चांगलीच आहे. मात्र नोटांची पिशवी घेऊन शोरूममध्ये जायचे दिवस संपले. 1 एप्रिल 2017 पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीनं स्वीकारायला आयकर कायद्यानं बंदी आहे, आणि जेवढी रोकड घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. ओळखीच्या माणसाकडून जुनी गाडी घेतली तरी हाच नियम. तेव्हा रोख याचा अर्थ आता धनादेश किंवा बँकेतून थेट भरणा.

खरी अडचण पुढं जूनमध्ये येते. उन्हाळ्यात सगळी पट्टी गाडीत घातली की पेरणीला बियाणं-खत उधारीवर आणावं लागतं, किंवा शेकडा तीन रुपये महिन्यानं सावकाराचा उंबरा चढावा लागतो. शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. बँकेचं दहा टक्क्यांचं कर्ज टाळलं म्हणून समाधान मानणारा माणूस नकळत छत्तीस टक्क्यांचं कर्ज घेऊन बसतो.

त्याहून मोठं नुकसान पीककर्जात होतं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते शेतकऱ्याला बिनव्याजी पडतं. मुदत चुकली की ही सवलत गेली. एवढं स्वस्त कर्ज दुसरीकडे सहजी मिळत नाही. ते थकवून गाडीला पैसे घालणं म्हणजे विहीर बुजवून हौद बांधणं. म्हणून पट्टीतून पहिला हिस्सा पीककर्जाचा, दुसरा पेरणीचा. गाडीचा विचार उरलेल्या पैशातून.

आता हप्त्यांकडे वळू. पाच लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी घेतलं असं धरा. तीन वर्षांत फेडलं तर महिन्याचा हप्ता साधारण 16,134 रुपये आणि एकूण व्याज जवळपास 81 हजार. पाच वर्षं घेतली तर हप्ता 10,624, व्याज सव्वा लाखाच्या पुढं, 1 लाख 37 हजार. सात वर्षं घेतली तर हप्ता 8,300 वर येतो आणि व्याज दोन लाखांना भिडतं. हप्ता निम्म्यावर आला म्हणून आपण खूश होतो, व्याज मात्र अडीच पट झालेलं असतं.

आणि हे सगळं उरलेल्या मुदलावर व्याज लागत असेल तर. फायनान्सवाला ‘फ्लॅट दहा टक्के’ म्हणाला, तर पाचही वर्षं व्याज पुऱ्या पाच लाखांवरच चालू राहतं. फेडलेल्या रकमेवरही आपण व्याज भरत राहतो. हप्ता 12,500 होतो, व्याज अडीच लाख. खरा दर सवासतरा टक्क्यांच्या आसपास निघतो. ‘फ्लॅट’ हा एकच शब्द एक लाख तेरा हजारांना पडतो.

हळदीच्या भावाचाही भरवसा धरता येत नाही. 2023 च्या सुरुवातीला क्विंटलला सहा-सात हजारांच्या आसपास असलेली हळद पुढच्याच वर्षी पंधरा हजारांच्या घरात गेली. तेजीच्या वर्षी ठरवलेला हप्ता मंदीच्या वर्षीही तेवढाच राहतो. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनं मराठवाड्यात उभी पिकं नेली, तेव्हाही हप्त्याची तारीख हलली नव्हती. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ते मिळतात हे आपल्याला ठाऊक असतं. मग गाडीच्या कर्जालाही तसे पाडून मिळतील का, हे विचारा. सगळे देत नाहीत, पण शेतीचं उत्पन्न दाखवलं तर काही ठिकाणी मिळतात. नसतील, तर निदान वर्षाचे हप्ते भागतील एवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकल्याशिवाय गाडी दारात आणू नये.

तिसरा मार्ग लीजचा. मोठ्या शहरांत कंपन्या महिन्याच्या भाड्यानं नवी गाडी काही वर्षांसाठी वापरायला देतात. आपल्याकडे ठोक्यानं शेत करतात तसंच हे. वापर तुमचा, सातबारा दुसऱ्याचा. कंपनीतल्या पगारदाराला त्यात कराचा फायदा मिळतो. शेतकऱ्याला तो नाही, आणि मुदत संपल्यावर हातात काही उरत नाही. माझ्या मते हिंगोलीत लीजचा नाद सोडलेला बरा. त्याऐवजी वर्षभरात गाडी खरोखर किती दिवस लागली हे वहीत लिहून ठेवा. तीस-चाळीसच दिवस निघाले, तर पिवळ्या पाटीची गाडी भाड्यानं करणं सर्वांत स्वस्त.

जुन्या गाडीबद्दल मात्र मन मोकळं ठेवा. विम्याच्या कोष्टकात वर्षाच्या आत गाडीची किंमत 15 टक्क्यांनी उतरते, तिसऱ्या वर्षी 30 आणि पाचव्या वर्षी 50 टक्क्यांनी. पहिल्या मालकानं ही घट सोसलेली असते. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आल्यानं नवी गाडी स्वस्त झाली, तेव्हा जुन्याचा भावही त्या हिशोबानं पाडून मागा.

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा पाहतो. गाडीचं आरसी बुकही तसंच पाहायचं, कारण कर्जाचा बोजा तिथंही चढलेला असतो. माझ्या पहिल्या गाडीचा शेवटचा हप्ता भरला, फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणलं आणि कपाटात ठेवून दिलं. दोन वर्षांनी गाडी विकायला काढली, तर बोजा तसाच. पत्राची मुदत संपलेली, आणि नवं मिळवायला दीड महिना हेलपाटे घातले. पत्रासोबत फॉर्म 35 आरटीओत दिल्याशिवाय बोजा उतरत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी विकणाऱ्यानंही फॉर्म 29 आणि 30 वर सही करून निवांत बसू नये. नोंद बदलल्याची खात्री करून घ्यावी. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की, गाडी एकापाठोपाठ कितीही हातांतून गेलेली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत नाव असलेला माणूसच मालक धरला जाईल.

शोरूममध्ये पेढे वाटायच्या आधी एक कागद मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ कर्जासोबत बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. त्यात फ्लॅटचा पडदा दूर होऊन सगळे खर्च धरलेला खरा वार्षिक दर दिसतो. मुदतीआधी फेडल्यास किती दंड लागेल तेही त्यात वाचा, कारण तेजीच्या वर्षी तुम्हाला कर्ज एकदम फेडायचं असेल. हा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा लागतो, आणि त्यातल्या अटी किमान तीन कामाचे दिवस कायम राहतात. तो मराठीत मागा, घरी न्या, बारावीतल्या पोरीकडून आकडे तपासून घ्या. तोवर सही करू नका.