पहिले सिझेरियन, आता कळा आणाव्यात का?

तारीख उलटून चार दिवस झाले, कळांचा पत्ता नाही. पहिल्या खेपेला सिझेरियन झालेले. या खेपेला तरी नॉर्मल व्हावे, अशी बाईची इच्छा. डॉक्टर म्हणतात, "कळा आणाव्या लागतील." लगेच सासूबाई विचारतात, "अहो, पण आतला टाका सुटला तर?" हा प्रश्न मला विचारला गेला नाही असा आठवडा जात नाही, आणि तो रास्त आहे.

एकदा सिझेरियन म्हणजे कायम सिझेरियन, हे मत न्यूयॉर्कच्या डॉ. क्रॅगिन यांनी १९१६ साली मांडले. त्या काळी गर्भाशयाला उभा छेद घेत. आता तो बहुधा खालच्या भागात आडवा घेतात व तो चांगला सांधतो. असा एकच छेद असलेल्या शंभर स्त्रियांनी प्रयत्न केला, तर साधारण ६० ते ८० जणींची प्रसूती नैसर्गिक होते. आधी एखादे बाळंतपण नॉर्मल झाले असेल तर शक्यता आणखी वाढते. शिवाय दर सिझेरियनगणिक पुढच्या खेपेस वार चिकटून बसण्याचा धोका वाढतो. तेव्हा या इच्छेला खुळचटपणा म्हणू नये.

आता धोका. कळा आपोआप आल्या तर जुना व्रण फाटण्याचे प्रमाण सुमारे दोनशेत एक. औषधाने आणल्या तर ते दुप्पट-तिप्पट होते. दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तरीही वाढते. आकडा लहान वाटेल. पण व्रण फाटला की हाताशी मिनिटेच असतात. म्हणून रात्री-अपरात्री ऑपरेशन, भूलतज्ज्ञ व रक्त मिळेल अशाच ठिकाणी हे करावे. रक्तपेढी किती लांब आहे, हे आधीच विचारा.

कळा कशा आणणार, हेही विचारा. लघवीसाठी वापरतात तीच फुग्याची नळी गर्भाशयाच्या तोंडात ठेवून तोंड हळूहळू उघडता येते. पुढे गरज पडल्यास कळांचे सलाइन थेंब मोजून, बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवून देतात. मिसोप्रोस्टॉलची गोळी मात्र स्वस्त व सहज मिळणारी असली, तरी सिझेरियन झालेल्या बाईला भरल्या दिवसांत कळा आणण्यासाठी देऊ नये.

सगळे ठीक असेल, तर तारखेनंतर आठवडाभर तपासण्या करत थांबता येते. रक्तदाब वाढला किंवा गर्भजल कमी झाले, तर थांबण्यात शहाणपण नाही. गर्भाशयाचा छेद उभा असेल किंवा वार तोंडाशी असेल, तर कळा आणण्याचा प्रश्नच येत नाही. पोटावरचा टाका आडवा म्हणजे आतलाही आडवाच, असे समजू नका. पहिल्या ऑपरेशनचा कागद दाखवा. (तो बहुधा माहेरच्या ट्रंकेत असतो!)

दोन कळांच्या मधेही पोट दुखत राहिले, अंगावरून रक्त गेले किंवा चालू कळा एकदम थांबल्या, तर ताबडतोब सांगा. तेव्हा ऑपरेशन ठरले की "मामंजी गावाहून येईपर्यंत थांबा" म्हणू नका. संमतीपत्रावर सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते.