रक्त कोणाचे, औषध कोणाला?

विदर्भात सिकलसेल हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गोंड, माडिया, परधान यांच्या गावांत आणि आपल्या बौद्ध वस्त्यांत तो ओळखीचा आहे. सांधे ठणकतात म्हणून महिन्यातून आठ दिवस शाळा बुडवणारे मूल शिक्षकांनी पाहिलेले असते. जनुकशास्त्रावर सरकार जो पैसा खर्च करते त्याचा विचार मी या मुलापासून सुरू करतो. या शास्त्राची खरी परीक्षा तेथेच आहे.

जीनोम म्हणजे पेशीपेशीत साठवलेली सुमारे ३०० कोटी अक्षरांची लिपी. सिकलसेलमध्ये त्यातले एकच अक्षर बदललेले असते. तेवढ्याने हिमोग्लोबिन बदलते, तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हे अक्षर आई व बाप दोघांकडून आले तर आजार होतो. एकाकडूनच आले तर माणूस केवळ वाहक राहतो आणि हिवतापापासून त्याला काहीसे संरक्षणही मिळते. जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या राहिला तेथे हे अक्षर टिकले. 'यांचे रक्तच दूषित' असे कोणी म्हणू लागला, तर कार्यकर्त्यांनी हे शास्त्र त्याला ऐकवावे. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते. जातीतल्या जातीत लग्ने होत राहिली की असे अक्षर दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव वाढतो.

आता पैशाकडे वळू. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या निधीतून २०२० साली 'जीनोम इंडिया' प्रकल्प सुरू झाला. ८० हून अधिक समाजगटांतील सुमारे १०,००० जणांचे जीनोम वाचले गेले. ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबादच्या सरकारी केंद्रामार्फत संशोधकांना उपलब्ध झाली. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. म्हणजे रक्त घेण्याची व्यवस्था झाली. औषधाचे काय?

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत जनुक दुरुस्त करणाऱ्या 'कॅसजेव्ही' उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर ठरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या सरकारने 'बिरसा १०१' ही देशी उपचारपद्धती जाहीर केली. ती सीएसआयआरच्या दिल्लीतील संस्थेने विकसित केली आणि तिचे तंत्र सीरम इन्स्टिट्यूट या खासगी कंपनीला देण्यात आले.

मी या संशोधनाच्या विरोधात नाही. उलट सरकारनेच ते करावे, कारण गरिबांच्या रोगात बाजाराला नफा दिसत नाही. पण जनतेच्या पैशातून निघालेले तंत्र कंपनीकडे जाताना किमतीची अट करारात असली पाहिजे आणि तो करार लोकांना वाचता आला पाहिजे. रक्त घेताना त्याचे पुढे काय होणार, हे माणसाला त्याच्या बोलीत सांगितले पाहिजे. आणि जनुकदुरुस्ती येईल तेव्हा येईल, पण हायड्रॉक्सियुरियाची स्वस्त गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात खंड न पडता मिळाली पाहिजे.

या तीन मागण्यांसाठी प्रयोगशाळा लागत नाही, चळवळ लागते. उपचाराला नाव बिरसांचे दिले आहे. तो बिरसांच्या लेकरांना परवडतो की नाही, यावरच त्या नावाचा मान ठरेल.