एक साखळी, तीन पडदे

बिलोलीत मे महिना म्हणजे पारा चाळिशीपार, आणि दुपारी चारला पश्चिमेचं ऊन थेट तुमच्या पुस्तकावर! अभ्यासिकेत ओळीने तीन खिडक्या, तीन रोलर ब्लाइंड. दर वेळी उठून तिन्ही ओढायचे कोणी? त्यापेक्षा जोडून घ्या की.

या पडद्याचं कापड एका नळीवर गुंडाळलेलं असतं. शेजारच्या दोन नळ्यांमध्ये लिंक ब्रॅकेट बसवलं, की एक फिरली तशी दुसरीही फिरते. साखळी एकच, टोकाला. मोटर नाही, म्हणजे लाइट गेली तरी काम चालू.

फक्त तीन गोष्टी बघा. खिडक्या एका रेषेत आणि ब्रॅकेट लेव्हलमध्ये हवेत, नाहीतर कापड तिरकं गुंडाळतं. एका साखळीवर किती वजन चालेल, हे दुकानदाराला आधीच विचारा. आणि साखळी भिंतीला क्लिपने ताणून पक्की करा. लोंबती साखळी लहान मुलाच्या गळ्याचा फास होऊ शकते. घरी लावताना तर हे विसरूच नका.

आणखी एक, आतला पडदा डोळ्यांवरची तिरीप थांबवतो. पण काचेतून उष्णता तोवर आत आलेली असते. ती अडवायची तर खिडकीबाहेर वाळ्याचा पडदा किंवा हिरवी जाळी हवीच.