झडप धरून ठेवतं कोण?

विषय शल्यविशारदांचा आणि आम्ही तत्त्वज्ञानाचे. पण घरात कुणाचा व्हॉल्व्ह बदलायचं ठरलं, की एक प्रश्न हमखास निघतो : "टाके उसवले तर?" हा प्रश्न भाबडा नाही. त्याचं उत्तर आपण नीट शोधू.

हृदयाचे ठोके दिवसाला साधारण एक लाख. अशा हलत्या जागेत कृत्रिम झडप बसवायची. आपल्या देशात घडवलेली 'चित्रा' झडप घ्या. डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत ती तयार झाली आणि १९९० साली प्रथम रुग्णाला बसवली गेली. धातूची चौकट, आत प्लास्टिकची चकती आणि भोवती पॉलिएस्टर कापडाचं कडं. धातूतून सुई जात नाही. टाके पडतात ते या कापडात.

आता टाके कोणते? एक आपल्या गोधडीचा धावदोरा. दोरा एकच, काम झटपट, गाठी थोड्या. पण एका जागी तुटला, की शेजारचे टाकेही ढिले पडतात. दुसरा गादीचा टाका. दोरा इकडून जातो, तिकडून परततो आणि प्रत्येकाची गाठ स्वतंत्र. असे साधारण बारा-पंधरा टाके लागतात. एक सुटला तरी बाकीचे धरून राहतात. जागा नाजूक असेल तर दोऱ्याखाली कापडाची छोटी चकती ठेवतात. कोटाच्या बटणामागे आधाराचं बटण असतं ना, तसंच. त्यामुळे दोरा मांस कापत नाही. गुंता होऊ नये म्हणून दोरे आलटून पालटून दोन रंगांचे. आधी सगळे ओवायचे, मग त्यांच्यावरून झडप खाली सरकवायची आणि शेवटी गाठी मारायच्या.

मग खोल टाके घालून जास्त घट्ट का करू नये? कारण महाधमनीच्या झडपेलगत ठोक्यांचा विद्युतसंदेश नेणारे तंतू आहेत. ते दुखावले तर पेसमेकर लागू शकतो. टाका उथळ पडला, गाठ सैल राहिली, तर कड्याच्या बाजूने रक्त गळतं. कौशल्य या दोहोंच्या मध्ये आहे.

तर मूळ प्रश्नाकडे येऊ. हा दोरा विरघळत नाही, तो कायम राहतो. पण पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांत शरीर त्या कापडात आपले तंतू विणतं. परकं कडं हळूहळू आपलंसं होतं. शल्यविशारद सुरुवात करतो, शिवण पुरी करतं ते शरीर.

मात्र ही शिवण जंतू पोखरू शकतात. म्हणून दात काढण्याआधी दंतवैद्याला सांगा : "माझी झडप बदललेली आहे." अंगात ताप रेंगाळला तर घरगुती उपायांवर थांबू नका, डॉक्टरांना गाठा. टाके त्यांनी घातले, जपायचे आपण.