शस्त्रं बंद पाडणारं शस्त्र: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सीमेवर तणाव वाढला की काही व्हिडिओ हमखास फिरायला लागतात. अमुक देशाने म्हणे असं शस्त्र बनवलंय, की एक स्पंद सोडला की शत्रूची विमानं कोसळतात, रणगाडे जागच्या जागी थिजतात आणि माणूस मात्र एकही मरत नाही. इतकं सर्वशक्तिमान शस्त्र आज कुणाकडेही नाही. पण त्याच्या जातकुळीतली साधनं चाचणीत किंवा युद्धात वापरून झाली आहेत: अणुस्फोटातून निघणारा विद्युतचुंबकीय स्पंद म्हणजे ईएमपी, उच्चशक्तीच्या मायक्रोवेव्ह लहरी, ग्राफाइट बॉम्ब आणि सायबर हल्ले. साठ वर्षांचा हा अनुभव समोर ठेवला, तर उद्या ते मोठं शस्त्र खरोखर अवतरलं तर काय होईल, याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो.

गैरसमज १: स्पंद सुटला की सगळंच एका झटक्यात बंद पडतं.

वस्तुस्थिती: जुलै १९६२ मध्ये अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या जॉन्स्टन बेटाजवळ, ४०० किलोमीटर उंचीवर, १.४ मेगाटन क्षमतेचा अणुबॉम्ब फोडला. ‘स्टारफिश प्राइम’ हे त्या चाचणीचं नाव. तिथून सुमारे १,४०० किलोमीटरवरच्या हवाई बेटांवर तीनेकशे पथदिवे विझले, चोरीची सूचना देणारे भोंगे वाजू लागले, टेलिफोनचा एक मायक्रोवेव्ह दुवा तुटला. इतक्या लांबून हे घडलं म्हणून शास्त्रज्ञ चक्रावले. पण त्याच रात्री हवाईतले बहुतेक दिवे जळतच राहिले होते, ही बाजू व्हिडिओत येत नाही.

स्फोटातले गॅमा किरण वातावरणातल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात, ते पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात वळतात आणि त्यातून तीव्र स्पंद निघतो. त्याचा पहिला घाव नॅनोसेकंदांत बसतो आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग गाठतो. शेवटचा टप्पा काही मिनिटंही टिकू शकतो आणि तो लांबच लांब तारांमध्ये शिरतो. म्हणून कोणती वस्तू जळेल आणि कोणती वाचेल, हे तारांची लांबी, त्यांची दिशा, वेष्टण आणि यंत्र त्या क्षणी चालू होतं की बंद, यावर ठरतं. अमेरिकी संसदेने नेमलेल्या ईएमपी आयोगाने ३७ मोटारी कृत्रिम स्पंदाखाली धरून पाहिल्या. बंद उभ्या असलेल्या गाड्यांना काहीही झालं नाही. चालू असलेल्यांपैकी तीन बंद पडल्या, आणि त्याही पुन्हा सुरू करता येण्याजोग्या होत्या. मात्र गाड्या उसन्या आणलेल्या असल्याने त्या कायमच्या बिघडेपर्यंत मारा केलाच गेला नव्हता. तेव्हा या निकालावरून निर्धास्त होणंही बरोबर नाही. हल्ल्याची आखणी करणाऱ्या सेनापतीच्या हाती नेमकं काय येतं? परिणाम होईल, पण किती आणि कशावर, ते आधी सांगता येणार नाही, असं शस्त्र.

गैरसमज २: सगळ्यात आधी शत्रूचं सैन्य पांगळं होईल.

वस्तुस्थिती: या माऱ्यासाठी सगळ्यात जास्त तयारी सैन्याचीच असते. अमेरिकेने न्यू मेक्सिकोतल्या कर्टलँड हवाई तळावर ‘ट्रेसल’ नावाचा एक प्रचंड लाकडी सांगाडा उभारला होता. त्यावर बी-५२ सारखं अख्खं बॉम्बफेकी विमान चढवायचं आणि कृत्रिम स्पंदाचा मारा करायचा. धातूमुळे मोजमाप बिघडू नये म्हणून त्या सांगाड्याचे बोल्टसुद्धा लाकडी होते. अण्वस्त्रांशी जोडलेली विमानं, क्षेपणास्त्रांचे भूमिगत तळ आणि आज्ञाकेंद्रं अशा चाचण्यांतून तावून सुलाखून घेतलेली असतात. खोल पाण्यातल्या पाणबुडीला तर समुद्राचंच कवच असतं.

उघडी पडते ती नागरी व्यवस्था. २२ ऑक्टोबर १९६२ रोजी सोव्हिएत संघाने कझाकस्तानवर २९० किलोमीटर उंचीवर अशीच चाचणी केली, तेव्हा ५७० किलोमीटर लांबीची टेलिफोनची तार निकामी झाली आणि जमिनीत पुरलेल्या वीजवाहिनीलाही फटका बसला. स्पंदाच्या शेवटच्या टप्प्यासारखा परिणाम सौर वादळही करतं. मार्च १९८९ मध्ये अशा वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली वीज गेली आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. ‘लष्करी सामग्री बंद पाडणारं’ शस्त्र आधी गाठतं ते रोहित्रांना आणि पाणीपुरवठ्याच्या पंपांना.

गैरसमज ३: फटका फक्त शत्रूलाच बसतो.

वस्तुस्थिती: स्टारफिश प्राइमने अवकाशात किरणोत्सारी कणांचा एक कृत्रिम पट्टा तयार केला आणि पुढच्या काही महिन्यांत त्याने अनेक उपग्रह नादुरुस्त केले. त्यात ब्रिटनचा पहिला उपग्रह ‘एरियल-१’ होता, म्हणजे खुद्द मित्रराष्ट्राचा. स्फोटानंतर दुसऱ्याच दिवशी सोडलेला अमेरिकेचा ‘टेलस्टार’ही त्यातून सुटला नाही. १९६३ च्या करारात अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघाने वातावरणातल्या आणि अवकाशातल्या अणुचाचण्या थांबवल्या.

बॉम्बऐवजी संगणक वापरला तरी गोष्ट तीच. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं, त्याच पहाटे ‘व्हायासॅट’ कंपनीच्या उपग्रह इंटरनेट सेवेवर सायबर हल्ला झाला. रोख युक्रेनच्या संपर्कयंत्रणेवर होता. पण तिकडे जर्मनीत सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचं दूरनियंत्रण तुटलं. जर्मनी त्या युद्धात उतरलेलाही नव्हता.

गैरसमज ४: रक्त सांडत नाही, म्हणून हे शस्त्र माणुसकीचं.

वस्तुस्थिती: मे १९९९ मध्ये नाटोने सर्बियाच्या वीजकेंद्रांवर कार्बनच्या बारीक तंतूंचे ग्राफाइट बॉम्ब टाकले. उघड्या तारांवर तंतू पसरले, शॉर्टसर्किट झालं आणि देशाच्या सुमारे ७० टक्के भागातली वीज गेली. इमारती शाबूत, स्फोट जवळजवळ नाही. पण कर्मचाऱ्यांनी तंतू झाडून काढले आणि वीज लवकरच परतली. मग काही दिवसांत पुन्हा तोच मारा, आणि अखेर महिन्याच्या उत्तरार्धात वीजव्यवस्थेवर साधे, विध्वंसक बॉम्ब. तात्पुरतं बंद पाडणारं हत्यार शत्रूला शरण आणू शकलं नाही की पुढची पायरी चढायचा मोह होतो. शिवाय रुग्णालयातली वीज गेली की रुग्ण दगावतो, आणि वीज कशामुळे गेली याने त्यात फरक पडत नाही.

गैरसमज ५: असं शस्त्र आलं की युद्धच होणार नाही.

वस्तुस्थिती: सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. अण्वस्त्रधारी देश एकमेकांवर तुटून पडत नाहीत, कारण पहिला घाव सोसूनही समोरचा उलटवार करेल याची दोघांनाही खात्री असते. ती खात्री काढून घेणारं कुठलंही साधन, मग ते कितीही बचावात्मक म्हणवलं जावो, समोरच्याला पहिल्या हल्ल्याची तयारीच वाटतं. मार्च १९८३ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी अण्वस्त्रं निष्प्रभ करणाऱ्या अवकाशीय ढालीची घोषणा केली, तेव्हा मॉस्कोला त्यात शांतता दिसली नाही. १९८६ ची रेक्याविकची शिखर परिषदही याच मुद्द्यावर फिस्कटली.

आता कल्पना करा की एखाद्या देशाची रडारं अचानक आंधळी झाली. हा मर्यादित लढाईचा भाग आहे की पाठोपाठ अणुहल्ला येतोय? उत्तर शोधायला मिनिटंच हातात, आणि ‘आत्ता वापरलं नाही तर हातचं जाईल’ हे दडपण. त्यात अनेक उपग्रह आणि रडार यंत्रणा साध्या युद्धालाही कामी येतात आणि अण्वस्त्रांनाही. अमेरिकेच्या २०१८ च्या अण्वस्त्र धोरणपत्रात तर स्पष्ट सूचित केलं आहे, की पूर्वसूचना किंवा आज्ञायंत्रणेवरचा बिगर-आण्विक हल्लाही अण्वस्त्र वापराचा विचार करायला लावू शकतो.

हल्ला करणाऱ्याची पंचाईतही कमी नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये यूटाच्या वाळवंटात ‘चॅम्प’ या मायक्रोवेव्ह क्षेपणास्त्राची चाचणी झाली. इमारतीतले संगणक बंद पडले आणि ते दृश्य टिपायला ठेवलेले कॅमेरेही. चाचणीच्या मैदानात आत जाऊन खात्री करता येते, युद्धात येत नाही. शत्रूचं रडार गप्प झालं म्हणजे ते जळलं, की त्याने मुद्दाम बंद करून ठेवलं? बॉम्बचा खड्डा उपग्रहातून दिसतो, जळलेली चिप दिसत नाही. म्हणून खात्रीसाठी वरून बॉम्बही टाकावा लागतो. मग रक्तहीन युद्धाचं आश्वासन उरतं कुठे?

गैरसमज ६: हल्ला कुणी केला, हे लगेच उघड होतं.

वस्तुस्थिती: १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबई-ठाणेकरांना आठवत असेल. वीज गेली, लोकल जागेवर थांबल्या. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती फेटाळून मानवी चुकीकडे बोट दाखवलं. महिने हाताशी असूनही एकाच देशातली दोन सरकारं एका कारणावर आली नाहीत. युद्धाच्या धामधुमीत हाच निवाडा काही मिनिटांत करायचा असतो.

गैरसमज ७: भारताकडे ‘काली’ आहे, मग चिंता कशाची?

वस्तुस्थिती: ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेली ‘काली’ म्हणजे इलेक्ट्रॉनचे अतिशय छोटे, शक्तिशाली झोत देणारा कणत्वरक. त्यातून क्ष-किरण आणि मायक्रोवेव्ह निर्माण करता येतात. ती अवजड प्रयोगशाळेतली यंत्रणा आहे. तिने हिमकडे कोसळवल्याच्या कथांना काडीचा आधार नाही.

भारतासाठी खरा प्रश्न निराळा आहे. ४ जानेवारी २००३ ला जाहीर झालेलं आपलं धोरण ‘प्रथम वापर नाही’ असं आहे. म्हणजे पहिला घाव सोसून उत्तर देण्याची क्षमता टिकवणं आलंच. ‘अरिहंत’सारख्या पाणबुड्यांचं महत्त्व त्यातूनच येतं. पण पाणबुडीपर्यंत आदेश पोहोचवणाऱ्या यंत्रणाही तितक्याच सुरक्षित असायला हव्यात.

तोडगा अशक्य नाही. ३१ डिसेंबर १९८८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याला बांधील आहेत, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला या प्रकल्पांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. युद्धाच्या काळातही ही प्रथा टिकली. मात्र पूर्वसूचना रडार, आज्ञाकेंद्रं आणि उपग्रह या यादीत येत नाहीत. त्यांच्याही वाटेला न जाण्याचा शब्द एकमेकांना द्यायचा, तर तो असं शस्त्र कुणाच्या हाती पडण्याआधीच. एकदा ते हाती आलं, की ज्याच्याकडे आहे तो हा शब्द द्यायला राजी नसेल आणि ज्याच्याकडे नाही तो त्यावर विश्वास ठेवणार नाही.